त्यांच्याबरोबर हसू नकोस

प्रिय पोरी,

पत्र काल रात्री दोनदा वाचलं. ऑफिसात डबा खाताना कोणी म्हणालं, "तू मोमिनपुऱ्याची? वाटत नाहीस गं. मराठी किती छान बोलतेस!" म्हणजे मुसलमान मोहल्ल्यातली वाटत नाहीस! तू हसलीस, आणि मिहानच्या ऑफिसातून घरी येईपर्यंत स्वतःवरच चिडत राहिलीस. आता विचारतेस, ईदला शीरखुर्म्याचा मोठा डबा नेला तर त्यांना समजेल का?

शीरखुर्मा ने. पण आवडीनं ने, खुलासा म्हणून नको. आणि हसू नकोस.

खुलाशाचं मला ठाऊक आहे. मी १९८६ला केंद्र सरकारच्या एका कचेरीत लागले. तिसऱ्याच आठवड्यात मागच्या टेबलावरून आलं, "यांचं काय बाप्पा, सरकारचे जावई!" आता आम्हा बौद्धांना केंद्राच्या नोकरीत अनुसूचित जातीची सवलत मिळाली तीच मुळी १९९०ला. मी खुल्या यादीतून आलेली. मी काय करावं? घरून गुणपत्रिका नेली आणि दाखवली. तो माणूस म्हणाला, "तुम्ही त्यांच्यातल्या वाटत नाही." मी हसले. बरंही वाटलं मला! पुढे राखीव जागेवरून आलेली एक मुलगी शेजारी बसायला लागली, तेव्हा कळलं की त्या कागदानं मी कोणाला खाली ढकललं होतं.

म्हणून सांगते, तुझे आजोबा हातमागावर लुगडी विणायचे हे त्यांच्यासमोर मांडू नकोस. माझ्या आईच्या अंगावरचं लुगडं तुमच्याच मोहल्ल्यातलं असायचं, हे आपल्या दोघींत राहू दे. मराठी कुठं शिकलीस याचा दाखला नागपुरात जन्मलेल्या मुलीनं का द्यावा?

तू म्हणशील, तुम्ही तर वर्षानुवर्षं हसलात. हसले. माझा गोपनीय अहवाल लिहिणारा साहेब त्याच टोळक्यात चहा प्यायचा, घरी दोन लेकरं, गडचिरोलीला बदलीची टांगती तलवार. त्या दिवसांत दुसरं काय जमलं असतं, मला अजून कळत नाही. आई मात्र विचारायची, "तू काहून हसून राहिली मंग?" १४ ऑक्टोबर १९५६ला माझ्या भावाला कडेवर घेऊन, बाबासाहेबांच्या मागून २२ प्रतिज्ञा म्हटलेली बाई ती. मी म्हणायचे, तिला कचेरीतलं काय कळतं!

हसायचं नाही म्हणजे भांडायचं असंही नाही. चेहरा सरळ ठेव, विचार, "म्हणजे काय?" आणि गप्प बस. भरभर बोलून त्याची सुटका करू नकोस, तिथंच आपण चुकतो. गंमत समजावून सांगायची वेळ आली की ती सांगणाऱ्याच्याच घशात अडकते. मला हे पहिल्यांदा जमलं २००३ला. सतरा वर्षं लागली, तुला सतरा दिवस देते.

एचआरकडे जायचं की नाही, ते तू ठरव. २०१३च्या कायद्यानं लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी समिती नेमायला लावली, धर्मावरून मारलेल्या टोमण्यासाठी तशी समिती त्यात नाही. भेदभाव करू नये असं संविधानाचा अनुच्छेद १५ सांगतो, पण तो मुख्यतः सरकारला. तेव्हा त्याच संध्याकाळी वहीत लिही: तारीख, वाक्य जसंच्या तसं, कोण कोण बसलं होतं. त्याखाली 'मीही हसले' असं लिहावं लागलं, तर तक्रारीचा अर्धा जीव तिथंच जातो.

आमच्याकडे एक मुसलमान शिपाई होते. शुक्रवारी ते नमाजाला निघाले की कोणीतरी हमखास काही बोलायचं आणि आमचा कोपरा हसायचा. माझ्यासकट. मनात एवढंच यायचं, आज आपली पाळी नाही. निवृत्तीनंतर ताजबागच्या उरुसात भेटले, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, लेकरांची नावं आठवून विचारलं. माफी मागायची ओठांवर होती. मी गर्दी फार आहे म्हणाले आणि निघाले.

तुझ्या पत्रात शेवटून दुसऱ्या ओळीत आहे की टीममधल्या मणिपूरच्या मुलीला 'मोमो' म्हणतात आणि 'सगळे हसतात'. त्या सगळ्यांत तू आहेस का? बाकीचं नंतर. आधी तेवढं कळव.

तुझी,
अभ्यासिकेतली मॅडम