गंजलेली गाडी : पत्रेकाम करावे की एक्स्चेंजला द्यावी?

पावसाळा सरला की किनारपट्टीवरील वाचकांच्या पत्रांत गंजाचा विषय हमखास येतो. या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : आमची पेट्रोल हॅचबॅक ११ वर्षांची असून ८२,००० किलोमीटर चालली आहे. इंजिन उत्तम आहे. परंतु डावा रनिंग बोर्ड (दारांखालचा आडवा पत्रा) मागच्या चाकाजवळ सडून त्याला भोक पडले आहे. गॅरेजवाले पत्रेकाम व रंगाचे ३५,००० रुपये सांगतात, तर शोरूम एक्स्चेंजमध्ये १,१०,००० रुपये देण्यास तयार आहे. काय करावे? (देवगड)

हिशेब रुपयांपासून न मांडता गंज कोठे आहे तेथून मांडावा. आजच्या बहुतेक कारना वेगळी चासी, म्हणजे खालची लोखंडी चौकट, नसते. तळाचा पत्रा, रनिंग बोर्ड, दारांमधले खांब आणि सस्पेंशन (चाकांचे धक्के झेलणारी यंत्रणा) जेथे बसते त्या बैठका हाच गाडीचा सांगाडा असतो. पुढचा मडगार्ड, बॉनेटची कड किंवा दाराचा खालचा भाग गंजला तर गाडी वाईट दिसते, पण ते भाग बोल्ट काढून बदलता येतात. रनिंग बोर्डाचे तसे नाही. तो आतून पोकळ असतो, बाजूने धडक बसली तर मार झेलतो आणि आतूनच गंजत बाहेर येतो. म्हणून बाहेर रुपयाएवढे भोक दिसते तेव्हा आतला पत्रा बहुधा त्याहून पुष्कळ अधिक गेलेला असतो.

गाडी रॅम्पवर चढवून, आतील गालिचा उचलून, स्वतः उभे राहून तपासून घ्या. लहान हातोडीने टिचकावत गेल्यास चांगला पत्रा खणखणीत वाजतो आणि सडलेला बद्द आवाज देतो. मागच्या वर्षी अशाच एका गाडीच्या रनिंग बोर्डाला मी स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. ओढून काढताच त्या भोकातून सुरूच्या काड्या, वाळू आणि ओला काळा चिखल भळभळ खाली पडला. पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली छिद्रे त्या चिखलाने कित्येक पावसाळे बुजलेली होती, आणि वरचा रंग मात्र जवळजवळ नवा होता.

तुमच्या गाडीत सडलेला भाग वीतभर लांबीचा असेल, आणि मागच्या सस्पेंशनची बैठक, तळाचा सांधा व ब्रेकच्या लोखंडी नळ्या शाबूत असतील, तर दुरुस्ती करावी असे माझे स्पष्ट मत आहे. चांगल्या इंजिनाची गाडी एवढ्यासाठी घालवून नव्या कर्जाचे हप्ते डोक्यावर घेण्याचे कारण नाही. मात्र स्वच्छ लोखंड लागेपर्यंत जुना पत्रा कापून काढणे, नवा तुकडा सीओटू वेल्डिंगने बसवणे, त्यावर प्रायमर व सांध्याला सीलर लावणे आणि शेवटी पोकळीत मेणाचा फवारा मारणे, एवढे सारे ३५,००० रुपयांत बसते का, हे लेखी घ्या. गंजावरच पत्रा ठोकून वर लांबी (पुट्टी) भरली, तर एक-दोन पावसाळ्यांत तीच जागा पुन्हा फुगते. म्हणून रंग चढण्याआधी काम पाहण्याची अट घालावी. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची तार काढलीच पाहिजे. विम्याकडून या खर्चाची अपेक्षा ठेवू नये, कारण गंज ही झीज धरली जाते.

सस्पेंशनची बैठकच सडली असेल तर मात्र गाडी चालवणे थांबवावे आणि ती दोष सांगून एक्स्चेंजला द्यावी. नव्या गाडीवर एक्स्चेंजशिवाय किती सूट मिळते ते आधी विचारा, कारण १,१०,००० रुपयांतला काही भाग ही तीच सूट वेगळ्या नावाने दिलेली असू शकते.

प्रश्न : खालच्या बाजूला गंज दिसू लागला आहे. अंडरबॉडी कोटिंग केल्यास तो थांबेल का? (अलिबाग)

गंज न खरवडता केलेल्या कोटिंगने तो थांबत नाही, उलट झाकला जातो. मीठ हवेतील ओल ओढून घेते; ते मीठ आणि ती ओल काळ्या रबरी थराखाली अडकली की पत्रा कोणाला न दिसता खाल्ला जातो. आधी गोड्या पाण्याने तळ धुऊन पूर्ण वाळवावा, गंज तारेच्या ब्रशने काढावा, झिंकयुक्त प्रायमर द्यावा आणि मगच कोटिंग करावे. पाणी निघण्याची छिद्रे त्यात बुजू देऊ नयेत. ओल्या गाडीवर प्लॅस्टिकचे आच्छादनही घालू नये.

प्रश्न : गाडीला १५ वर्षे पूर्ण होण्यास चार महिने आहेत. तळाचा पत्रा दोन ठिकाणी गेला आहे. नोंदणी वाढवून घ्यावी का? (रत्नागिरी)

खासगी कारची नोंदणी १५ वर्षांची असते; पुढे तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढते. एप्रिल २०२२ पासून अशा कारच्या नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये झाले असून महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. पत्रेकामाचा खर्च यात मिळवा, आणि एकूण रक्कम गाडीला बाजारात मिळणाऱ्या किमतीच्या निम्म्याहून वर जात असेल तर दुरुस्तीच्या मागे लागू नका. गाडी भंगारवाल्याला रोखीने न देता नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या. तेथे मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्रावर (गाडी भंगारात जमा केल्याच्या दाखल्यावर) नवी खासगी गाडी घेताना केंद्राच्या नियमानुसार मोटार वाहन करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देता येते. प्रत्यक्ष दर राज्य ठरवते, म्हणून आरटीओत आधी चौकशी करावी.

प्रश्न : जुलै २०२१ च्या पुरात आमची गाडी सीटपर्यंत बुडाली होती. आता सीटखालचे रूळ व तळ गंजले आहेत. एक्स्चेंजला देण्यापूर्वी रंगकाम करून घ्यावे का? (चिपळूण)

करू नये. रंगकामाचे पैसे किमतीत वसूल होत नाहीत. तपासणारा माणूस रंगाची जाडी यंत्राने मोजतो, आणि ताजा रंग पाहून त्याचा संशय वाढतोच. सीटबेल्ट पूर्ण ओढला की तळाशी राहिलेली चिखलाची रेघही त्याला दिसते. पुराची गोष्ट तुम्हीच आधी सांगा. ही गाडी पुढे एखादे कुटुंब घेणार आहे, आणि पाण्यात राहिलेल्या वायरिंगचा दोष त्यांना भर रस्त्यात कळावा, हे मला योग्य वाटत नाही.

गाडी सोपवताना कागदांत ढिलाई नको. गाडी विकली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीत ज्याचे नाव आहे त्याच्यावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. घेणारा अधिकृत नोंदणी असलेला विक्रेता असेल तर नमुना २९सी (गाडी विक्रेत्याच्या ताब्यात दिल्याची सूचना) भरून घ्या. नसेल तर मालकी हस्तांतराच्या नमुना २९ व ३० वर सह्या करून हस्तांतर पूर्ण होईपर्यंत पाठपुरावा करा. गाडी दिल्याची तारीख, वेळ आणि मीटरवरील किलोमीटर लिहिलेली सहीची पावती, आरसीवर नवे नाव चढल्याचे ‘परिवहन’ संकेतस्थळावर दिसेपर्यंत जपून ठेवावी.