जावा शिकताना एडिटरने तयार करून दिलेला कोड वापरावा का?

तुमचा प्रश्न असा आहे: सोलापुरात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहात, लॅबमध्ये सर गेटर (वस्तूतली माहिती वाचणारी मेथड), सेटर (ती बदलणारी), इक्वल्स (दोन वस्तू सारख्या आहेत का ते सांगणारी), हॅशकोड (वस्तूवरून एक आकडा काढणारी) सगळं हाताने लिहायला लावतात, आणि एडिटर तेच एका क्लिकवर देतो. मग ती सोय वापरायची की नाही?

वापरा. मी इथल्याच टॉवेल-चादरीच्या कारखान्यांसाठी साठ्याची सॉफ्टवेअर लिहितो आणि ही सोय रोज वापरतो. एक्लिप्स या एडिटरमध्ये सोर्स मेनू, इंटेलिजे या एडिटरमध्ये ऑल्ट आणि इन्सर्ट या कळा. गेटर-सेटर चार-पाच क्लासना हाताने लिहून झाले की त्यात शिकण्यासारखं फार काही उरत नाही.

इक्वल्स आणि हॅशकोडचं मात्र वेगळं आहे, आणि सरांचा आग्रह मला तिथे मनापासून पटतो. एडिटर तुमच्यासमोर फील्डची (क्लासमधल्या माहितीच्या रकान्यांची) यादी ठेवतो आणि विचारतो, यातली कोणती धरायची? बरेच जण सगळ्या खुणा तशाच ठेवून पुढे जातात. खरं तर विचार करण्याची जागा तीच असते. 'चादर' नावाचा क्लास घ्या. त्यात डिझाइन नंबर, रंग आणि वजन. दोन चादरी 'सारख्या' कधी म्हणायच्या? डिझाइन आणि रंग जुळला की पुरे, की वजनही जुळायला हवं? हे गोडाऊन सांभाळणाऱ्या माणसाला विचारावं लागतं, एडिटरला ते ठाऊक नसतं.

समजा तिन्ही फील्ड धरली, सेटरही बनवून घेतले आणि चादर हॅशसेटमध्ये (एकच वस्तू दोनदा न ठेवणाऱ्या संग्रहात) टाकली. नंतर कुणीतरी सेटर वापरून वजन बदललं. हॅशसेट वस्तू शोधतो ती हॅशकोडवरून, आणि तो आता बदलला. लूप फिरवलात तर चादर दिसते, पण कंटेन्स (ती आत आहे का) विचारलं तर उत्तर 'नाही' येतं, रिमूव्ह केलं तरी ती निघत नाही. माल गाडीत भरून गेला तरी साठ्यात तो तसाच! सेटर बरोबर, हॅशकोडही बरोबर, पण दोन्ही एकत्र आले की घोटाळा. तयार कोड वाचताना ओळी बरोबर दिसतात, म्हणून हा दोष लवकर सापडत नाही.

दुसरी अडचण शिळेपणाची. महिन्याभराने क्लासमध्ये 'आकार' हे फील्ड वाढवलंत, तर आधी तयार झालेला इक्वल्स आपोआप बदलत नाही. सिंगल आणि डबल चादर त्याला एकच वाटते. लोम्बॉक ही लायब्ररी हे काम कंपाइल होताना करतो, त्यामुळे तिथे सहसा ही अडचण येत नाही.

को-पायलटसारख्या एआय साधनांबद्दल थोडक्यात: मेनूतून येणारा कोड ठरलेल्या साच्यातून येतो, तीच फील्ड निवडली की तेच उत्तर. एआय अंदाज बांधतं. त्यामुळे तिथे प्रत्येक ओळ वाचायलाच हवी, आणि वाचता येण्यासाठी ती आधी लिहिता यायला हवी.

आज संध्याकाळी एक करून बघा. वरचा क्लास एडिटरकडून बनवून घ्या, चादर हॅशसेटमध्ये टाका, वजन बदला आणि कंटेन्स विचारा. मग तोच क्लास रेकॉर्ड (फक्त माहिती ठेवणारा छोटा क्लास) म्हणून लिहा. जावा 16 पासून, म्हणजे 2021 पासून, रेकॉर्ड भाषेचा पक्का भाग आहे. इक्वल्स आणि हॅशकोड कंपायलरच देतो आणि सेटर नसतोच, त्यामुळे वजन मागाहून बदलता येत नाही. लॅबमधलं जावा त्याहून जुनं असेल, तर फील्ड फायनल (एकदा भरली की न बदलणारी) करा आणि यादीत सेटर दिसले तरी बनवू नका.