आधी बोल, मग लिही

तुझा मेसेज रात्री साडेअकराला आला. एवढं लांबलचक कोणी हौसेने टाइप करत नाही. मुख्याध्यापकाचा चार्ज घेतल्यापासून तू ऑफिसात शिरलीस की बोलणं थांबतं, तुला वगळून वेगळा ग्रुप झालाय, आणि आता विचारतेस की उशिरा येणाऱ्या गुरुजींना लेखी खुलासा मागू का. नको मागूस. निदान आधी नको. आधी बोल, मग लिही.

तू म्हणशील, सांगून थकले. नाही सांगितलंस! ग्रुपवर 'सर्वांनी वेळेचे पालन करावे' टाकणं म्हणजे सांगणं नव्हे. चुकतो एक, वाचतात सगळे, आणि जो वेळेवर येतो त्याचंच डोकं जास्त फिरतं.

आणि एक लक्षात घे, तू साहेब झालेली नाहीस. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, तक्त्याप्रमाणे पाचवीपर्यंतच्या शाळेला पट १५० च्या वर असेल तरच मुख्याध्यापकाचं वेगळं पद, तुझा ११०, म्हणजे चार शिक्षक आणि त्यातलीच तू एक. वर्ग शिकवायचाच, शिवाय पोषण आहाराचा हिशोब, यू-डायसवर शाळेची माहिती भरणं, शाळा व्यवस्थापन समितीचं प्रोसिडिंग. सिनियर गुरुजींनी चार्ज नको म्हणून लिहून दिलं आणि तो तुझ्या गळ्यात पडला, हे सगळ्यांना माहितीये. हुकूम चालवायला तुझ्याकडे काही नाही, समोर बसून बोलणं तेवढं आहे.

कागदाचं कसं असतं, एकदा आवक-जावक रजिस्टरला चढला की तो तुमच्या दोघांचा राहत नाही. केंद्रप्रमुख वाचतात, पंचायत समितीत जातो, संघटनेचे लोक फोन करतात, आणि मूळ भानगड काय तर सकाळची एसटी वेळेत येत नाही किंवा घरी आई अंथरुणाला खिळलीये. ते तुला कळायला हवं ना आधी? मस्टरवर लाल पेन फिरवून ते कळत नाही. आणि कळूनही कारण पटलं नाही, फरक पडला नाही, तर लिही बिनधास्त, पण 'मी उद्या लिहिणार आहे' हे त्यांना आज सांगून.

पाठ बघायला जातेस तेव्हाही हेच. लॉगबुकात असं एक वाक्य नको जे त्या शिक्षकाने तुझ्या तोंडून आधी ऐकलेलं नाही. मी मुख्याध्यापक असताना आमच्याकडे एक बाई होत्या, पहिलीचा वर्ग असा घ्यायच्या की दिवाळीपर्यंत पोरं दुकानाच्या पाट्या वाचायची. त्यांच्याबद्दल कोणीतरी वर कळवलं, त्यांना वाटलं मीच, आणि बदलीचा फॉर्म भरून गेल्या. मी कळवलं नव्हतं. आजही सांगते, नव्हतं. पण त्या मला विचारायलाही आल्या नाहीत, ते सलतं.

त्यानंतर मी हट्टी झाले, लोक आडमुठी म्हणायचे. एकदा विस्तार अधिकारी आले, चौथीच्या गुरुजींचं तीन दिवसांचं टाचण, म्हणजे पाठाची तयारी लिहायची वही, कोरं, पोरांसमोरच झापायला लागले. मी मध्ये पडले, म्हटलं साहेब, टाचणाचं मी बघते, तुम्ही फळ्यावर भागाकार घालून बघा. घातला. मागच्या रांगेतल्या पोरीने बाकीसकट सोडवला. तरी शेरेबुकात 'मुख्याध्यापकांचे नियंत्रण नाही' लिहून गेलेच. असू दे. साहेब गेल्यावर दार लावून मी गुरुजींना टाचणाबद्दल असं सुनावलं की विचारू नको, पण त्या चार भिंतींत. मला म्हणायचे, मास्तरांना डोक्यावर बसवलंय. बसवलं असेल, पण सुट्टीतही एका फोनवर शाळेत येणारी माणसं होती माझ्याकडे, ज्यांच्या ऑफिसात नोटिसांची फाइल जाड होती त्यांच्याकडे नव्हती!

आता जरा तुझ्या पदरातलं. आरटीईचं कलम २७ शिक्षकाला शिकवण्याबाहेरचं काम द्यायला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढ्याचीच मुभा देतं, पण कामं किती येतात ते तू बघतेसच. ती कोणाला देतेस? जो कुरकुरत नाही त्यालाच ना? मग बाकीचे तुझ्या पाठीमागे काय बोलत असतील? फोटो अपलोड, माहितीचे तक्ते, बीएलओचं मतदार यादीचं काम, कोणाकडे काय आहे ते फळ्यावर लिही, तुझ्या नावासकट, आणि पोषण आहाराची ऑनलाइन नोंद तू स्वतः कर, ती सगळ्यात कटकटीची आहे.

उद्या ग्रुपवर काही टाकू नकोस. मधल्या सुट्टीत गुरुजींच्या वर्गात जा, त्यांना ऑफिसात बोलावू नकोस, आणि सरळ विचार, गुरुजी, सकाळी काय अडचण होतेय? मग गप्प बस. तुला मध्येच बोलायची सवय आहे, मला माहितीये. ते चिडतील, तुझं वयही काढतील, काढू दे. आणि कितीही गोडीगुलाबी झाली तरी मस्टरवर खोटी वेळ टाकू द्यायची नाही, तेही त्यांना तिथेच सांग.