वाचकांचे प्रश्न : बंद पडलेले नेळियुं आणि काठावरची वाट

प्रश्न : बडोद्याच्या दांडिया बाजारातील आम्ही सात-आठ निवृत्त मंडळी हिवाळ्यातल्या रविवारी महीकाठच्या एका गावापर्यंत बसने जातो आणि तिथून शेतांमधल्या नेळियाने (गुजरातीत नेळियुं म्हणजे दोन शेतांमधली अरुंद वाट) नदीच्या कोतरांपर्यंत, म्हणजे घळींपर्यंत, चालत जातो. हा आमचा बारा-तेरा वर्षांचा परिपाठ आहे. यंदा दिवाळीनंतर गेलो, तर नेळियाच्या तोंडाशी लोखंडी फाटक आणि त्याला साखळी. राखणदार म्हणाला की जमीन विकली गेली, वाट खाजगी आहे. गावकरीही आता लांबून वळसा घेतात. आम्ही ना शेतकरी, ना त्या गावचे. आम्हाला काही विचारण्याचा अधिकार पोहोचतो का?

उत्तर : पोहोचतो. मात्र तो कोणत्या नात्याने मागायचा हे आधी ठरवावे लागेल, कारण बहुतेक अर्ज नेमके इथेच फसतात. वाट अडली की लोक मामलतदाराकडे धाव घेतात. १९०६ च्या मामलतदार न्यायालय कायद्यातील कलम ५ मध्ये शेताकडे जाणारा वहिवाटीचा रस्ता मोकळा करून देण्याची तरतूद आहे हे खरे, पण ती जमीन कसणाऱ्यासाठी आहे आणि अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो. आपल्याला ते दार उघडे नाही. वळसा घेणाऱ्या गावकऱ्यांना ते आहे, आणि दिवाळीपासून मोजले तर त्यांच्या हातातले दिवस भराभर संपत आहेत. म्हणून पुढच्या रविवारी फाटकापाशी वाद घालत बसण्यापेक्षा त्यांच्यापैकी दोघांशी चहा पीत बोलावे.

आपला स्वतःचा आधार वेगळा आहे. गुजरातमध्ये आजही लागू असलेल्या १८७९ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम ३७ नुसार सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, पायवाटा, तसेच कोणा व्यक्तीच्या मालकीची नसलेली नद्यांची, ओढ्यांची आणि तलावांची पात्रे राज्य सरकारच्या मालकीची असतात. शेजारची शेते विकली गेली म्हणून मधले सरकारी नेळियुं आपोआप विकले जात नाही. तेव्हा सारा प्रश्न एवढाच उरतो की हे नेळियुं सार्वजनिक म्हणून नोंदलेले आहे की नाही, आणि त्याचे उत्तर राखणदाराकडे नसून गावाच्या नकाशात आहे. भूमी अभिलेख कार्यालयातून त्या गावाच्या नकाशाची प्रत मागवावी आणि दोन्ही बाजूंच्या सर्व्हे नंबरांचे सात-बारा उतारे काढावेत. उताऱ्यावर ‘इतर हक्क’ या सदरात वाटेची नोंद कधी कधी सापडते. नकाशा मिळायला उशीर होत असेल, तर माहिती अधिकारात अर्ज करावा. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

नकाशा वाचताना घाई करू नये. एका गावाचा कापडावर चिकटवलेला जुना नकाशा मी पाहिला होता. गाडीवाटेची दुहेरी तुटक रेषा बरोबर घडीवर आली होती आणि घडी झिजल्यामुळे रेषेचा बोटभर तुकडा नाहीसा झाला होता. प्रत काढणाऱ्याने तेवढी जागा कोरी सोडली, आणि पुढे कोणी तरी त्या कोऱ्या जागेलाच पुरावा मानले. मूळ नकाशा समोर ठेवून खुणांची सूची पाहिल्याशिवाय ‘वाट नाही’ हे मान्य करू नका.

वाट नोंदलेली निघाली, तर कलेक्टरांकडे अर्ज करावा. शिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली सार्वजनिक वाटेवरील अडथळा दूर करण्याचा सशर्त आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात, आणि त्यासाठी अर्जदार शेतकरी असावा लागत नाही. समोरच्याने सार्वजनिक हक्कच नाकारला आणि त्यासाठी विश्वासार्ह पुरावा दिला, तर मात्र प्रकरण दिवाणी न्यायालयाच्या निकालापर्यंत थांबते. म्हणून नकाशा आधी, अर्ज नंतर.

वाट नोंदलेलीच नसेल, तर ती मालकाच्या मर्जीची आहे असे धरून त्याची परवानगी मागावी लागेल. इंग्लंडमध्ये १९४९ च्या कायद्याने काउंटी कौन्सिलांना सार्वजनिक पायवाटांचा अधिकृत नकाशा करणे भाग पडले, आणि एकदा सार्वजनिक झालेली वाट केवळ न वापरल्याने संपत नाही असे तिथले न्यायतत्त्व आहे. आपल्याकडे नकाशे त्याहून जुने आहेत. ते उघडून पाहण्याचा रिवाज तेवढा नाही. एक आगाऊ सूचना करतो, राग मानू नये : आपल्यापैकी कोणी जाता-जाता हरभऱ्याचे डहाळे उपटत असेल, तर ती सवय अर्जाआधी सोडावी.

प्रश्न : विश्वामित्रीच्या काठाने शहरभर सलग फरसबंद पायवाट व्हावी, असे आपणांस वाटत नाही का? (रावपुरा)

उत्तर : सलग आणि फरसबंद, दोन्ही नको असे वाटते. ही मगरींची नदी आहे. मगर काठाच्या मातीत बिळे करते, उन्हाळ्यात तिथेच अंडी घालते आणि थंडीत ऊन खायला त्याच उतारावर येऊन पडते. वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला सर्वोच्च संरक्षण दिलेले आहे. शिवाय ऑगस्ट २०२४ च्या पुरात नदीने धोक्याची पातळी ओलांडून पस्तीस फुटांच्याही वर मजल मारली होती, तेव्हा पात्राला लागून ओतलेले काँक्रीट कोणाच्या कामी आले असते? काठापासून अंतर राखणारी मातीची वाट, तिच्यावरून पाणी दिसेल अशा ठरावीक जागा, तिथे कठडा, आणि अंडी-पिल्लांच्या काळात काही तुकडे बंद, एवढे पुरे आहे. पूल आणि कमाटी बाग इथून नदी आजही दिसते. खरी उणीव मधल्या वस्त्यांच्या मागे आहे. तिथे काठापर्यंत पोहोचणाऱ्या बोळांमध्ये राडारोडा टाकलेला असतो. आधी ते बोळ मोकळे व्हावेत.

प्रश्न : नर्मदा मुख्य कालव्याच्या कडेच्या रस्त्याने पहाटे फिरायला जावे का?

उत्तर : जाऊ नये. तो रस्ता कालव्याच्या देखभालीसाठी आहे. इंग्लंडमधील जुन्या कालव्यांना काठाची सपाट वाट मिळाली, कारण तिथे घोडे चालत चालत नावा ओढत असत. आपला कालवा पाणी वाहून नेण्यासाठी बांधला आहे आणि त्याचा अस्तर लावलेला उतार शेवाळाने इतका निसरडा असतो की पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. पाण्याशेजारी चालायचेच असेल, तर डभोईजवळच्या वढवाणा तलावाच्या पाळीवर जावे. गायकवाडी काळात सिंचनासाठी बांधलेल्या या तलावाला २०२१ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. जानेवारीत उजाडता उजाडता पोहोचलात, तर डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब पक्षी थव्याने पाण्यावर बसलेले दिसतील. दुर्बीण न्यावी, स्पीकर नेऊ नये.