आटलेले कपडे घरच्या घरी पुन्हा मूळ मापात आणता येतात का? हेअर कंडिशनरचा उपाय खरंच चालतो का?

तुमच्या प्रश्नात दोन कपडे आहेत: मशीनमध्ये गरम पाण्यात गेलेला मुलीचा लोकरी स्वेटर आणि पहिल्याच धुण्यात आखूड झालेला नवा सुती कुर्ता. दोघं आटले असले तरी आटण्याची कारणं निराळी आहेत. त्यामुळे एकाला लागू पडणारा उपाय दुसऱ्याला पडेलच असं नाही. मी घरी शिवणकाम आणि अल्टरेशन करते. आटलेले कपडे घेऊन लोक येतात आणि बहुतेक जण थेट ‘बाजूची शिलाई उसवून द्या’ म्हणतात. कात्रीच्या आधी बरंच काही करता येतं.

आधी कुर्ता, कारण तो सोपा आहे. मागावर उभे धागे सतत ताणलेले असतात. पुढे धुलाई, रंगाई, फिनिशिंग करतानाही कापड लांबीकडे ओढलं जातं आणि त्याच ताणात वाळवतात. घरी पहिलं पाणी लागलं की धागा फुगतो, ताण सुटतो आणि कापड आखडतं. म्हणून कुर्ता रुंदीपेक्षा लांबीला जास्त आटतो. खरं तर दुकानात घेतलेलं माप ताणलेलं होतं, आत्ताचं माप कापडाचं स्वतःचं आहे. यावर इलाज म्हणून अमेरिकेत सॅनफोर्ड क्लुएट यांनी कापड विकण्याआधीच यंत्रावर आकसवून घेण्याची पद्धत काढली, 1930 साली तिचं पेटंट झालं. जुन्या मिलच्या कापडाच्या काठावर ‘सॅन्फोराइज्ड’ छापलेलं असे, ते हेच. असं कापड पुढे एखाद्या टक्क्यापेक्षा जास्त आटत नाही. खादी, हातमाग, मांजरपाट यांना हे संस्कार नसतात. म्हणून शिवायच्या आधी कापड भिजवून घ्यायचं, साडीचा फॉल आणि ब्लाउजचं अस्तरही पाण्यातून काढून मगच लावायचं.

आता झालं ते झालं. कुर्ता कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. मग घरातल्या दुसऱ्या माणसाला बोलवा. एकानं खांद्याच्या शिलाईशी धरायचं, दुसऱ्यानं खालच्या घेराशी, आणि उभ्या धाग्याच्या दिशेनं सावकाश ओढायचं. एका टोकाला झटका देऊ नका, गळा वाकडा होतो. ओलसर असतानाच उलट बाजूनं गरम इस्त्री फिरवा, एका हातानं कापड ओढत. खरं काम इथेच होतं, कारण कापड ताणलेल्या अवस्थेत पूर्ण कोरडं व्हायला हवं. सुती कापडाला कंडिशनरनं फारसा फरक पडत नाही. घातलंत तर बिघडत नाही, इतकंच.

एक गोष्ट मात्र बहुतेक व्हिडिओंत कोणी सांगत नाही. हे वाढलेलं माप कायमचं नसतं. पुढच्या धुण्यात पाणी लागलं की त्यातला बराच भाग परत जातो. म्हणजे दर वेळी ओढून, इस्त्री करूनच वाळवायची तयारी हवी. ते जमणार नसेल तर खालची दुमड उसवा, त्यात इंच-दीड इंच लांबी मिळून जाते. छातीत घट्ट असेल तर बाजूला माया, म्हणजे शिलाईच्या आत सोडलेलं जादा कापड, किती आहे ते बघा. चांगल्या शिंप्यानं सोडलेली असते, तयार कुर्त्यात बहुधा नसते. मग काखेत मिळत्याजुळत्या कापडाचा चौकोनी तुकडा घालावा लागतो.

टी-शर्ट असेल तर तो विणलेल्या टाक्यांचा, त्यामुळे लगेच ताणला जातो. पण लांबीला ओढलात की रुंदी कमी होते, हे लक्षात ठेवून ओढा. पुढे छापील चित्र असेल तर ते तडकतं.

रेयॉनच्या कुर्त्यांची गोष्ट उलटी आहे. रेयॉन ओला असताना फार कमजोर होतो. चिंब असताना ओढलात तर शिवणीपाशी फाटेल. जवळजवळ वाळत आला की मध्यम इस्त्रीनं हलक्या हातानं ओढत दाबा, चांगला परत येतो. जॉर्जेट-क्रेप पाण्यात चुरगळून छोटे होतात, कारण त्यांच्या धाग्याला पीळ भरपूर असतो. तेही ओलसर असताना उलट बाजूनं इस्त्री केलं की उलगडतात. गरम इस्त्रीनं आकसलेल्या पॉलिएस्टरवर मात्र वेळ घालवू नका.

आता स्वेटर. पहिल्यांदा तो खरंच लोकरीचा आहे का ते बघा. आतल्या शिवणीतून एक छोटा धागा काढून चिमट्यात धरून पेटवा. केस जळल्याचा वास आला आणि राख चिमटीत चुरली तर लोकर. वितळून टणक गोळी झाली तर अॅक्रिलिक, आणि हिवाळ्यात रस्त्यावरच्या स्टॉलवर मिळणारे बहुतेक स्वेटर तसेच असतात. अॅक्रिलिकला उष्णता लागली तर तो सहसा लुळा पडतो, आटत नाही.

लोकरीच्या प्रत्येक तंतूवर माशासारखे बारीक खवले असतात, सगळे एकाच दिशेला. गरम पाणी, साबण आणि मशीनची घुसळण मिळाली की तंतू एकमेकांत सरकतात आणि खवल्यांमुळे मागे येऊ शकत नाहीत. काश्मीर आणि कच्छमध्ये नमदा, म्हणजे दाबून केलेला लोकरीचा गालिचा, करतात तो याच गुणावर: लोकर पसरायची, साबणाचं पाणी शिंपडायचं, गुंडाळून दाबत राहायचं. तुमच्या मशीननं तेच न विचारता केलं.

म्हणून स्वेटर उजेडात धरा. टाके वेगळे दिसत असतील, जरा ओढल्यावर सुटत असतील, तर आशा आहे. टाके दिसेनासे होऊन जाड, घट्ट पत्रा झाला असेल तर कंडिशनरच काय, काहीच चालणार नाही.

आशा असेल तर बादलीत चार-पाच लिटर कोमट पाणी घ्या, हाताला जेमतेम उबदार लागेल इतकंच. त्यात दोन-तीन मोठे चमचे साधं हेअर कंडिशनर पूर्ण विरघळवा आणि स्वेटर अर्धा तास ठेवा. कंडिशनरमधले घटक तंतूवर चिकटून तो निसरडा करतात, त्यामुळे अडकलेले तंतू थोडे सरकायला मोकळे होतात. यामागे एवढंच आहे, जादू नाही. बेबी शाम्पूचाही सल्ला देतात, पण तो स्वच्छ करतो, निसरडेपणा तितका देत नाही, म्हणून मी कंडिशनरच वापरते. नंतर साध्या पाण्यात धुऊ नका, नुसतं दाबून पाणी काढा.

मुलीचा दुसरा, नीट बसणारा स्वेटर वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलनं आखून घ्या. त्यावर कोरडा टॉवेल अंथरून आटलेला स्वेटर पसरा. बाही, छाती, लांबी थोडी थोडी ओढा, एकदम नाही. कडांना न गंजणाऱ्या टाचण्या लावा. काही तासांनी टाचण्या काढून पुन्हा थोडं ओढा. सावलीत, सपाट वाळवा. दोरीवर टांगलात तर ओल्या लोकरीच्या वजनानं खांदे लोंबतील. पहिल्या फेरीत पूर्ण माप आलं नाही तर पुन्हा करता येतं. लांबी बहुधा लवकर येते, खांदे उशिरा.

आणि घट्ट पत्रा झालेलाच असेल तर फेकू नका. अशी लोकर कापली तरी धागे उसवत नाहीत. बाळासाठी टोपी, हातमोजे किंवा गरम भांडं धरायचा चौकोन बेतता येतो, कडा दुमडायचीही गरज नाही.

कुर्त्याच्या खालची दुमड किती इंच आहे आणि बाजूला माया आहे का, ते बघून लिहा. खादीचा असेल तर तेही सांगा, मग पट्टी जोडायची का तेवढ्यातच भागेल ते सांगते.