मुंबईलगतच्या समुद्रातल्या बॉम्बे हाय या तेलक्षेत्रात आणखी विहिरी खोदल्या तर मुंबईत पेट्रोल स्वस्त होईल का? की इंधन बचत हाच खरा उपाय?

नाही, नुसत्या विहिरी वाढवून मुंबईतलं पेट्रोल स्वस्त होणार नाही. आयातीचं ओझं लवकर उतरवायचं तर आधी बचतच कामी येते. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं, आणि आपल्या समुद्रातून निघालेलं तेलही जागतिक भावाला धरूनच विकलं जातं. पंपावरच्या दरात वर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट असतो, तो विहिरींनी कमी होत नाही. बॉम्बे हायमध्ये 'सागर सम्राट' या समुद्रात खोदकाम करणाऱ्या जहाजाने १९७४ साली तेल शोधलं, १९७६ पासून उत्पादन सुरू झालं. म्हणजे क्षेत्र आता म्हातारं झालंय. तिथल्या नव्या विहिरींचा बराचसा जोर घटतं उत्पादन सावरण्यातच जातो. नवं क्षेत्र शोधायचं तर सर्वेक्षण, परवाने, समुद्रातले प्लॅटफॉर्म यांत वर्षानुवर्षं जातात. बचत आजपासून होते: सिग्नलवर ९० चा आकडा दिसत असताना इंजिन बंद करा, टायरमध्ये हवा नीट ठेवा, आणि जमेल तिथे लोकल-मेट्रोने जा. सरकारकडून मागायचंच असेल तर बेस्टच्या बसगाड्या वाढवून मागा, याचा फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो. मात्र खोदकाम थांबवा असं मी म्हणणार नाही. देशात निघालेलं प्रत्येक पिंप परकीय चलन वाचवतं, आणि आखाती तेलाच्या वाटेवरच्या होर्मुझच्या सामुद्रधुनीत तणाव वाढला की घरचं तेलच हाताशी असतं.