चिमणीकडे पाठ कर, आधी समुद्र बघ

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. किनाऱ्यावरच्या कोळशाच्या वीजकेंद्रात तू रुजू होणार. दुरून चिमणी दिसली तेव्हा ऊर भरून आला, पण हल्लीच्या दिवसांत हे चारचौघांत बोलायची चोरी वाटते, असं तू लिहिलंस. चोरी कसली? समुद्रात दूरवर गेलेले नावाडी जिच्या खुणेने घरची दिशा धरतात, ती वस्तू पाहून माणूस हलणारच. मी चाळीस वर्षं अशा केंद्रांत काढली आणि अजूनही हलतो. फक्त तिथेच थांबू नकोस.

पहिल्या आठवड्यात एक कर. चिमणीकडे पाठ करून इनटेकपाशी, म्हणजे समुद्राचं पाणी आत येतं तिथे, तासभर उभं राहा. केंद्र किनाऱ्यावर का बांधलं याचं उत्तर तिथे आहे. कोळसा जहाजाने येतो हे एक कारण सगळ्यांना ठाऊक असतं. दुसरं कारण गार पाणी, आणि ते जास्त मोठं आहे. हिशोब स्वतः मांडून बघ. 1000 मेगावॉटचं चांगलं युनिट, म्हणजे बॉयलर-टर्बाइनचा एक संच, कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम 40 टक्क्यांची वीज करतं. थोडी उष्णता चिमणीवाटे जाते आणि उरलेली जवळजवळ सगळी कंडेन्सरमधून, म्हणजे वाफेचं परत पाणी करणाऱ्या भांड्यातून, समुद्रात. पाणी 10 अंशांनी तापू द्यायचं म्हटलं तरी दर सेकंदाला सुमारे 30 घनमीटर पाणी लागतं. एक छोटी नदीच तू रात्रंदिवस आत घेतोस आणि कोमट करून परत सोडतोस. टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ त्या गारव्याने आकसते, कंडेन्सरमध्ये निर्वात तयार होतो, आणि त्या ओढीमुळेच टर्बाइनला पुरती ताकद मिळते. पाणी जरा गरम आलं की तेवढ्याच कोळशात वीज कमी निघते. समुद्र म्हणजे केंद्राचा शेजारी नव्हे, यंत्राचाच अर्धा भाग आहे तो.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. एका रात्रपाळीत पंपहाउसमधून फोन आला, इनटेकच्या स्क्रीनच्या, म्हणजे कचरा अडवणाऱ्या जाळीच्या, दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक वाढतोय. मी कंट्रोल रूममध्ये लोडच्या, म्हणजे त्या घडीला निघणाऱ्या विजेच्या, आकड्याकडे बघत बसलो होतो. मीटर बिघडला असेल, म्हणालो. दुसरा फोन आला तेव्हाही उठलो नाही. जेलीफिशचा थवा आला होता. जाळ्या गच्च भरल्या, पंपांना पाणी मिळेना, कंडेन्सरमधला निर्वात कमी झाला आणि युनिट ट्रिप झालं, म्हणजे आपोआप बंद पडलं. चूक सर्वस्वी माझी होती. ज्या माणसाचे पाय ओले आहेत त्याने फोन केला तर आधी उठायचं आणि मग शंका काढायची, हे मी त्या रात्री शिकलो. जेलीफिशने असा घोळ जगभर घातला आहे. इस्रायलमधल्या हदेरा इथल्या मोठ्या कोळसा-केंद्रात 2011 च्या जुलैमध्ये त्या टनावारी उपसाव्या लागल्या होत्या.

त्याच हदेराच्या कोमट पाण्याकडे हिवाळ्यात शार्क येतात. फ्लोरिडात टॅम्पा उपसागरावरच्या बिग बेंड केंद्राच्या कालव्यात थंडी पडली की मॅनॅटी, म्हणजे समुद्रगायी, शेकड्यांनी जमतात. त्या पाहण्यासाठी तिथे 1986 पासून खास जागाच केलेली आहे. असं काही दाखवून तुला कुणी सांगेल, बघ, निसर्ग कसा खूश आहे. मान डोलावू नकोस. जनावर उबेला येतं, आणि मग त्या उबेवर अवलंबून राहतं. ऐन थंडीत युनिट कायमचं बंद झालं तर ते कुठे जाईल, हा प्रश्न तिथल्या अभ्यासकांना खरोखर सतावतो. तुझ्या आउटफॉलपाशी, म्हणजे कोमट पाणी समुद्रात परत सोडतात तिथे, काय बदललं हे तिथे जाळी टाकणाऱ्यांना विचार. कोणता मासा सरकला, कोणता नव्याने दिसायला लागला, हे त्यांना आधी कळतं. ऐकताना केंद्राची वकिली करू नकोस.

आता चिमणी. तिची उंची हे एका प्रश्नाचं उत्तर आहे: धूर जवळच्या माणसांच्या नाकात जाऊ नये म्हणून किती वर सोडायचा? उंचीने विष कमी होत नाही, पसरतं. युरोपात उंच चिमण्यांनी जवळच्या गावांची हवा सुधारली आणि गंधक वाऱ्याबरोबर दूर गेलं. 1960 च्या दशकाच्या शेवटी स्वान्ते ओडेन या स्वीडिश शास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की तिथल्या आम्ल पावसामागे बाहेरच्या देशांतून येणारं गंधक आहे. त्या वादातून 1979 मध्ये जिनिव्हात सीमापार प्रदूषणाचा करार झाला. म्हणून चिमणीकडे बघताना तिच्या पायथ्याशी काय बसवलंय ते विचार. विजेच्या भाराने राख धरणारं ईएसपी बहुतेक ठिकाणी असतं. धुरातलं गंधक धुऊन काढणारं एफजीडी आहे का, आणि असलं तर ते चालू असतं का? किनाऱ्यावर त्यासाठी समुद्राचंच पाणी वापरता येतं. त्यातला बायकार्बोनेट सल्फर डायऑक्साइडची आम्लता मारतो आणि शेवटी सल्फेट उरतं, जे समुद्रात मुळातच भरपूर असतं. सुंदर युक्ती आहे ही. पण त्या पाण्याला सोडण्याआधी पुरेशी हवा दिली जाते का, त्याची आम्लता किती, हे रोज बघावं लागतं.

वर दिसणारा पांढरा लोट बहुतेक वेळा पाण्याची वाफ असते. खरी अडचण दिसतच नाही. चांगल्या प्रतीचा कोळसा असला तरी 1000 मेगावॉटला पूर्ण लोडवर दिवसाला आठ-नऊ हजार टन लागतो. 70 हजार टनांचं अख्खं जहाज आठ-नऊ दिवसांत संपतं. त्यातून रोज सुमारे 20 हजार टन कार्बन डायऑक्साइड वर जातो, आणि तो ईएसपीत अडकत नाही, एफजीडीतही नाही. हा आकडा तोंडपाठ ठेव. तुझे मित्र रागावतात ते याच्यावर, आणि त्यांचा राग खरा आहे. ज्या रुग्णालयात त्या विजेवर रात्रभर यंत्रं चालतात तेही खरं आहे. दोन्ही एकाच वेळी मनात बाळगणं जड जातं, मला आजही जातं.

तुझी नोकरी संपायच्या आत कदाचित तुझं केंद्र बंद होईल. स्कॉटलंडमध्ये फोर्थच्या खाडीवर लाँगॅनेट होतं, 2400 मेगावॉटचं. ते 24 मार्च 2016 ला थांबलं आणि त्याची 183 मीटरची चिमणी 9 डिसेंबर 2021 ला सुरुंग लावून पाडली. त्याच खाडीकाठच्या कॉकेन्झी केंद्राच्या दोन चिमण्या 2015 मध्ये गेल्या, तेव्हा लोक गर्दी करून बघत उभे होते. पाडण्याची चित्रं भरपूर आहेत. ते चालताना कसं होतं, कोळसा दळणाऱ्या कोल मिलचा आवाज बदलला की जुना ऑपरेटर नुसत्या कानाने काय ओळखायचा, बॉयलरच्या पीपहोलमधून ज्वाळेचा रंग बघून काय ठरवायचा, हे फारसं कुणी लिहून ठेवलं नाही. तू ठेव. लॉगबुकात मावत नाही ते वेगळ्या वहीत, तारीख घालून. निवृत्तीला आलेल्या माणसांजवळ बस, त्यांच्यासोबत एक-एक चक्कर मार.

आणि पहिल्या रात्रपाळीत ओहोटीच्या वेळी इनटेकचं आणि आउटफॉलचं तापमान स्वतः जाऊन घे, कंट्रोल रूमच्या पडद्यावरून नको. बरोबर कुणाला तरी घेऊन जा, तिथले कठडे निसरडे असतात. ते दोन आकडे आणि तेव्हाचा लोड मला कळव. पाण्याचा हिशोब आपण दोघं मिळून मांडू.

तुझा,
जुना शिफ्ट इंजिनिअर